जानेवारीचा प्रवेश: अमेरिकी कॉलेजाची स्प्रिंग ऑफर आली तर काय काय तपासायचं

मार्चअखेरीला अमेरिकी कॉलेजांचे निकाल लागतात तेव्हा काही घरांत एक चमत्कारिक पत्र येतं. वर ‘अभिनंदन’, आणि दोन ओळी खाली गेलं की ‘तुमचा प्रवेश स्प्रिंग सेमिस्टरसाठी आहे’. बाकीची मुलं ऑगस्टमध्ये जाणार, तुमच्या मुलीनं जानेवारीत यायचं. ही वेटलिस्ट नव्हे, पक्का प्रवेश आहे. पण ऑगस्ट ते डिसेंबर या चार महिन्यांचं काय करायचं, ते पत्रात धड लिहिलेलं नसतं. तिथेच घरात दोन तट पडतात. एकाला कॉलेजचं नाव दिसतं, दुसऱ्याला फुकट जाणारे महिने.

बहुतेक कॉलेजांना उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं, म्हणजे हाताशी चार-पाच आठवडे असतात. तेवढ्यात नीट हिशेब मांडता येतो. आमचं सांगणं एवढंच, की जानेवारीनंतरचं कॉलेज तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर अर्ज केलात. तोलायचे आहेत ते आधीचे चार महिने: ते कुणाच्या ताब्यात आहेत, त्यांचे पैसे कोण भरतं आणि त्यांतून पदवीच्या खात्यात काय जमा होतं.

असं पत्र का येतं

तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं एक सेमिस्टर परदेशात शिकायला जातात, काही पहिल्या सेमिस्टरनंतर कॉलेज सोडतात, काही डिसेंबरमध्येच पदवी घेऊन निघतात. जानेवारीत खोल्या रिकाम्या पडतात, आणि रिकामी खोली म्हणजे बुडालेलं उत्पन्न. हे झालं सरळ कारण. दुसरं कारण जरा आतलं आहे. कॉलेजं नव्या तुकडीचे जे आकडे छापतात (किती अर्ज आले, किती घेतले, सॅट या प्रवेशपरीक्षेचे सरासरी गुण किती) ते साधारणपणे फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सेमिस्टरला, दाखल होणाऱ्या मुलांचे असतात. जानेवारीत येणारी मुलं त्या आकड्यांत धरली जात नाहीत.

यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, पण व्यवहाराची एक गोष्ट यातून निघते. संकेतस्थळावर झळकणारा ‘इतके टक्के विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेतात’ हा आकडाही फॉलच्या तुकडीचाच असतो. तुमच्या मुलीची तुकडी त्यात नाही. म्हणून कॉलेजला वेगळं विचारायचं: स्प्रिंगमध्ये आलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या वेळेत पदवीधर झाले? उत्तर आकड्यात आलं तर तिथे या मुलांकडे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. ‘आमच्याकडे सगळेच छान रुळतात’ असं आलं तर कुणी मोजलेलंच नाही.

आधी जात ओळखा

‘स्प्रिंग ॲडमिशन’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्या एकाच पारड्यात घालून चालत नाही.

पहिली: चार महिने तुमचे, काय हवं ते करा. व्हर्मॉंटमधलं मिडलबरी कॉलेज यासाठी प्रसिद्ध. तिथे फेब्रुवारीत येणाऱ्या मुलांना ‘फेब’ म्हणतात. दर वर्षी शंभरेक मुलं अशी येतात, आणि चार वर्षांनी फेब्रुवारीतच पदवी घेऊन काळा झगा घालून कॉलेजच्या बर्फाच्या टेकडीवरून स्की करत खाली उतरतात. तिथे हा प्रकार इतका मुरलेला आहे की त्यांना उशिरा आलेलं असं कुणी समजत नाही. पण चार महिने तुमचे म्हणजे खर्चही तुमचा, आणि त्या काळात दुसऱ्या कॉलेजात किती शिकायचं यावर अशा कॉलेजांच्या अटी असतात. त्या अटीकडे पुढे येऊ.

दुसरी: कॉलेजनंच आखलेलं परदेशी सेमिस्टर. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचं ‘एनयू.इन’ या जातीचं. पहिलं सेमिस्टर परदेशातल्या एखाद्या भागीदार विद्यापीठात आणि जानेवारीत बॉस्टन. मुलं गटानं जातात, क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर पदवीच्या खात्यात जमा होणारी एककं) आधीच ठरलेली असतात, त्यामुळे शैक्षणिक धोका कमी. धोका असतो खिशाला आणि पासपोर्टला.

तिसरी: त्याच गावात, पण मागच्या दारानं. मेरीलँड विद्यापीठाचं ‘फ्रेशमन कनेक्शन’ आणि बर्कलीचा ‘एफपीएफ’ हा फॉल प्रोग्रॅम असे आहेत. विद्यापीठाची विस्तार-शिक्षण शाखा वर्ग चालवते, विषय मोजके असतात, मेरीलँडमध्ये तास दुपारनंतर आणि संध्याकाळी असतात. क्रेडिट मिळतात, मित्र मिळतात, गाव ओळखीचं होतं. आमच्या मते बहुतेकांना हीच सर्वांत कमी त्रासाची जात. फक्त ग्रंथालय, व्यायामशाळा, होस्टेल, क्लब यांतलं काय फॉलपासून खुलं आणि काय जानेवारीपासून, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं. कागदावर मागून घ्या.

चौथी: कॅलेंडरच उलटं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या इनोव्हेशन अकादमीत मुलं स्प्रिंग आणि समर शिकतात, फॉल मोकळा, आणि तो फक्त पहिल्या वर्षी नव्हे. इंटर्नशिप फॉलमध्ये करता येते, तेव्हा स्पर्धा कमी असते. पण घरी येण्याच्या सुट्ट्या, भावंडांच्या सुट्ट्या, मित्रांची वर्षं यांचं गणित चारही वर्षं बदलतं.

याशिवाय ‘दुसरीकडे एक वर्ष शिका, मग आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला या’ अशी ट्रान्स्फरची हमी देणारी पत्रंही येतात. ती स्प्रिंग ऑफर नव्हेत. तिथे किती गुण हवेत, कोणते विषय हवेत या अटी असतात, आणि अट चुकली तर हमी संपते. पत्रात प्रवेशाचा दिनांक जानेवारीचा आहे की पुढच्या ऑगस्टचा, ते आधी बघा. घाईत हे दोन्ही एकच समजणारी घरं पुष्कळ असतात.

क्रेडिटचं गणित: घोडं इथेच पेंड खातं

अमेरिकी पदवी साधारण १२० क्रेडिटची, आठ सेमिस्टर, दर सेमिस्टरला पंधरा. जानेवारीत सुरुवात केली आणि आधीचा फॉल रिकामा गेला, तर आठवं सेमिस्टर चौथ्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये संपतं. मेमध्ये मित्रांबरोबर पदवी हवी असेल तर सातच सेमिस्टर हाताशी उरतात, म्हणजे ती पंधरा क्रेडिट कुठून तरी आणावी लागतात: फॉलमधल्या दुसऱ्या कॉलेजातून, एपी किंवा आयबी या शाळेतच द्यायच्या कॉलेजपातळीच्या परीक्षांच्या गुणांतून, किंवा उन्हाळी वर्गातून.

पण नुसती बेरीज जमून भागत नाही, क्रमही जमावा लागतो. इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र घेणाऱ्याला जानेवारी काय न्‌ ऑगस्ट काय, फार फरक पडत नाही. फरक पडतो तो साखळीच्या विषयांत.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं उदाहरण घ्या. कॅल्क्युलस एक झाल्यावर कॅल्क्युलस दोन. फिजिक्स एकला कॅल्क्युलस एक आधी किंवा निदान बरोबर हवं. स्टॅटिक्सला फिजिक्स एक हवं. स्टॅटिक्स झाल्याशिवाय डायनॅमिक्स नाही आणि त्यापुढचे मशिन डिझाइनचे विषय तर नाहीतच. फॉलवाली मुलं ऑगस्टमध्ये कॅल्क्युलस एक घेतात, जानेवारीत कॅल्क्युलस दोन आणि फिजिक्स एक, पुढच्या ऑगस्टमध्ये स्टॅटिक्स. तुमचा मुलगा जानेवारीत कॅल्क्युलस एकपासून सुरू करणार. फिजिक्स एकला कॅल्क्युलस बरोबर घेतलेलं चालत असेल, तर तो जानेवारीत दोन्ही जोडीनं घेऊन पुढच्या ऑगस्टमध्ये स्टॅटिक्सला बसू शकतो. कॅल्क्युलस आधीच झालेलं हवं असेल, तर फिजिक्स ऑगस्टवर जातं आणि स्टॅटिक्स जानेवारीवर. आता त्या कॉलेजात स्टॅटिक्स फक्त फॉललाच शिकवत असतील (छोट्या कॉलेजांत असं असतं) तर सहा महिन्यांचा उशीर आपोआप वर्षाचा होतो. उलट, त्यानं फॉलमध्ये कॅल्क्युलस एक दुसरीकडे चांगल्या गुणांनी केलेलं असेल, किंवा एपीतून त्याला ते माफ असेल, तर तो जानेवारीत बाकीच्यांच्याच रांगेत उभा राहतो. नुसती साखळी जुळवायला चार महिन्यांत पाच विषय करण्याची गरज नाही, तो एक विषय करायचा.

डॉक्टरकीच्या वाटेवरच्यांसाठी अशीच साखळी रसायनशास्त्राची: जनरल केमिस्ट्री एक-दोन, मग ऑरगॅनिक एक-दोन. मोठ्या विद्यापीठांत जनरल केमिस्ट्री एक जानेवारीतही चालवतात, लहान कॉलेजांत बहुधा नाही. नर्सिंगसारख्या कोर्सची तुकडी एकदाच सुटते. तिथे स्प्रिंग ऑफर दुसऱ्याच विषयात आली असेल आणि ‘नंतर नर्सिंगला बदलू’ असा बेत असेल, तर तो सोडा.

हे तपासायला कुणाची ओळख लागत नाही. कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या पानावर सेमिस्टरनिहाय वेळापत्रक बहुधा सगळ्यांना खुलं असतं. गेल्या दोन वर्षांची स्प्रिंगची वेळापत्रकं उघडा, आपल्या शाखेच्या पहिल्या वर्षाचे विषय त्यांच्या क्रमांकानं शोधा, आणि दर विषयाला किती वर्ग लागले ते लिहून घ्या. एकच वर्ग आणि तोही भरलेला दिसला तर पुढचा प्रश्न तयार: नव्या स्प्रिंग विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवता का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण आधीपासून शिकणारी मुलं स्प्रिंगची नोंदणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकतात. नवी मुलं डिसेंबरमध्ये किंवा थेट जानेवारीच्या ओरिएंटेशनला नोंदवतात. जागा राखलेल्या नसतील तर उरतात ते सकाळी आठचे तास आणि कुणालाही नको असलेले विषय.

फॉलमध्ये दुसरीकडे शिकायचं तर

स्थानिक कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) हा अमेरिकेत राहणाऱ्या घरांना स्वस्तातला मार्ग. इथे तीन चुका ठरलेल्या.

एक, परवानगी न घेता पूर्णवेळ नाव घालणं. काही कॉलेजं म्हणतात की फॉलमध्ये दुसरीकडे पूर्णवेळ पदवी-विद्यार्थी झालात तर तुम्ही आमचे नवे विद्यार्थी राहत नाही, ट्रान्स्फर होता. मग नव्यांसाठीची शिष्यवृत्ती जाते, क्वचित प्रवेशही. काही कॉलेजं बरोबर उलटं सांगतात: फॉलमध्ये किमान बारा क्रेडिट करूनच या. तुमच्या कॉलेजचं यातलं कोणतं, ते लेखी हवं.

दोन, क्रेडिट चालतील असं गृहीत धरणं. विषयाचं नाव सारखं असून चालत नाही, अभ्यासक्रमपत्रिका जुळावी लागते. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय यूसीत (कॅलिफोर्निया विद्यापीठात) कशाच्या जागी चालतो, ते ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतं. इतर ठिकाणी कॉलेजची स्वतःची यादी असते. यादीत विषय नसेल तर नाव घालण्याआधी अभ्यासक्रमपत्रिका पाठवून मंजुरी घ्या. नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. सामान्यतः सी किंवा वरची श्रेणी लागते, आणि ट्रान्स्फर होऊन आलेली श्रेणी नव्या सरासरीत बहुधा धरत नाहीत, फक्त क्रेडिट येतं.

तीन, हलकं काहीतरी घेणं. ‘तेवढे चार महिने जरा सोपे विषय’ म्हणून घेतलेले विषय जुळले तरी ऐच्छिकमध्ये जमा होतात, आणि कॅल्क्युलस तसंच उरतं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची चौथी, खास आपली चूक आहे. बारावीनंतर ‘तोवर इथे एफवाय करू’ म्हणून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात किंवा सीईटीच्या फेरीतून प्रवेश घेतात. तिथे एलसी जमा होते, फी भरली जाते, आणि डिसेंबरमध्ये प्रवेश रद्द करून कागद सोडवायची धावपळ सुरू होते, तीही नेमकी व्हिसा आणि तिकिटांच्या दिवसांत. वर अमेरिकी कॉलेजला हा प्रवेश कळवावा लागतो, आणि तो कळला की वर सांगितलेला ट्रान्स्फरचा प्रश्न येतोच. इथल्या अर्ध्या सेमिस्टरचं क्रेडिट तिकडे मिळण्याची आशाही धरू नका, कारण परीक्षा झाल्याशिवाय गुणपत्रक नाही आणि गुणपत्रक नाही तर क्रेडिट नाही. भारतातून जाणाऱ्यानं या चार महिन्यांत कॅल्क्युलस घट्ट करावं, एखादी भाषा शिकावी, काम करावं. कॉलेजनं स्वतःच एखादा ऑनलाइन विषय देऊ केला तर तो घ्यावा.

पैसे

तुलना वार्षिक फीची करू नका, पदवी हातात पडेपर्यंतच्या एकूण खर्चाची करा. आकडे समजायला सोपे घेऊ. समजा दोन्ही कॉलेजांत एका सेमिस्टरला फी ३० हजार डॉलर आणि राहणं-खाणं ९ हजार, म्हणजे ३९ हजार. पहिलं कॉलेज फॉलचं आहे आणि दर वर्षी १० हजारांची शिष्यवृत्ती देतं: आठ सेमिस्टरचे ३ लाख १२ हजार, त्यातून ४० हजार वजा, २ लाख ७२ हजार. दुसरं स्प्रिंगचं आहे, शिष्यवृत्ती शून्य. फॉलमध्ये घरी राहून कम्युनिटी कॉलेजात क्रेडिटला २०० डॉलरनं पंधरा क्रेडिट, म्हणजे ३ हजार. मग सात सेमिस्टरचे २ लाख ७३ हजार. एकूण २ लाख ७६ हजार. चार वर्षांत चार हजारांचा फरक, जवळजवळ बरोबरी. पण तेच दुसरं कॉलेज ‘आठ सेमिस्टर आमच्याकडेच’ असं म्हणत असेल, तर ३ लाख १२ हजार. परदेशी फॉलवालं असेल तर पहिल्या सेमिस्टरचं बिल कॉलेजच्याच दराचं धरा, वर विमानं आणि व्हिसे. यात दरवर्षीची फीवाढ धरलेली नाही, तीही घाला. म्हणजे सगळा निकाल एका ओळीवर ठरतो: बाहेरची पंधरा क्रेडिट घेऊन सात सेमिस्टरमध्ये पदवी देता का? हे विचारल्याशिवाय बेरजेला बसू नका.

अमेरिकेतल्या घरांनी फाफ्साकडे, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाकडे, नीट बघावं. सरकारी मदतीचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. त्यामुळे जानेवारी २०२७ मध्ये सुरू करणाऱ्याला २०२६-२७ चाच फाफ्सा लागतो, फॉलवाल्यांचाच. ‘आपलं तर पुढच्या वर्षी आहे’ म्हणून २०२७-२८ चा भरून बसलेली घरं जानेवारीत मदतीवाचून राहतात. २०२७-२८ चाही भरायचाच, पण पुढच्या ऑगस्टसाठी. फॉलमध्ये कम्युनिटी कॉलेजात मदत हवी असेल तर त्याचाही कोड फॉर्ममध्ये घाला. मात्र एकाच काळासाठी दोन कॉलेजांतून सरकारी मदत मिळत नाही, आणि पदवीला नाव न घालता सुटे विषय घेणाऱ्याला ती मिळतच नाही. विस्तार-शाखेच्या फॉलमध्ये मुलगी कागदोपत्री कोण ठरते, हे म्हणून विचारायचं.

शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘आठ सेमिस्टर’ लिहिलंय की ‘चार शैक्षणिक वर्षं’, ते बघा. चार वर्षं असेल आणि पहिलं वर्ष अर्धंच वापरलं गेलं, तर शेवटच्या फॉलला ती मिळेल का? विचारा. पदवीधर झाल्यावर कुणी विचारत नाही.

एक लहानसा फायदाही आहे, तो कुणी सांगत नाही. पालकांना मिळणारी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी ही करसवलत वर्षाला कमाल २५०० डॉलर आणि फक्त चार करवर्षांसाठी असते. ऑगस्टमध्ये सुरू करून मेमध्ये संपवणारा पाच कॅलेंडर वर्षांना शिवतो, त्यातलं एक वाया जातं. जानेवारीत सुरू करून डिसेंबरमध्ये संपवणाऱ्याची बरोबर चार वर्षं होतात, एकही वाया जात नाही. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती तपासा.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी: १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीनं पाठवलेल्या १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो नाहीच. फॉलवाल्याचे ऑगस्ट आणि जानेवारी हे दोन्ही हप्ते एकाच आर्थिक वर्षात पडतात. स्प्रिंगवाल्याचा पहिल्या वर्षी एकच पडतो, आणि आई-वडील दोघांनी आपापल्या पॅनवर पाठवला तर मर्यादेत राहणारा भाग वाढतो. कापलेला टीसीएस बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. कर्ज घेणार असाल तर एक प्रश्न बँकेला आत्ताच: फॉल परदेशातल्या भागीदार विद्यापीठात आणि जानेवारी अमेरिकेत, अशा दोन ठिकाणच्या शिक्षणाला एकाच मंजुरीत पैसे सोडाल का? बिल कोण पाठवतं यावर बँकेचं उत्तर ठरतं.

व्हिसा

भारतातून थेट जानेवारीत जाणाऱ्याचं काम सोपं आहे. आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा दाखला) सुरुवातीचा दिनांक जानेवारीचा येतो, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची) ३५० डॉलर फी भरायची, मुलाखत द्यायची. नव्या विद्यार्थ्याला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा सुरुवातीच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, पण अमेरिकेत पाऊल ठेवता येतं ते जास्तीत जास्त ३० दिवस आधी. म्हणजे ‘ऑगस्टमध्येच मावशीकडे न्यू जर्सीला जाऊन राहू’ हे त्या व्हिसावर जमत नाही.

गुंतागुंत परदेशी फॉलची. भारतीय पासपोर्टवर दोन देशांचे व्हिसे लागतात आणि पासपोर्ट एकच असतो. शेंगेन देशांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा, आणि फॉल सेमिस्टर ९० दिवसांत बसत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याचं सांगणं आहे की अर्ज आपल्या देशात किंवा कायम राहता त्या देशातच करा. रोममध्ये शिकता शिकता तिथूनच एफ-१ घेऊ, हा बेत धरू नये. क्रम असा ठेवा: मेच्या पहिल्या आठवड्यात डिपॉझिट भरताच पैशाची कागदपत्रं पाठवून आय-२० मागा, जूनमध्ये मुंबईच्या वाणिज्य दूतावासाची मुलाखत गाठा, पासपोर्ट परत आला की दुसऱ्या देशाचा अर्ज. कॉलेज म्हणालं की आय-२० ऑक्टोबरमध्ये देऊ, तर डिसेंबरमध्ये मुंबईला येऊन, ख्रिसमसच्या गर्दीत तारीख मिळवून, महाग तिकिटावर परत जाणं आलं. ते जमणार नसेल तर परदेशी फॉल घेऊ नका.

फॉल अमेरिकेतल्याच दुसऱ्या कॉलेजात केला तर एफ-१ त्या कॉलेजच्या आय-२० वर निघतो, बारा क्रेडिट पूर्णवेळ करावी लागतात, आणि डिसेंबरमध्ये सेव्हिसची नोंद नव्या कॉलेजकडे वळवून घ्यावी लागते. दोन्हीकडच्या परदेशी-विद्यार्थी कार्यालयांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला कळवलं तर हे सुरळीत होतं.

आणि एडिसन, फ्रीमॉंट, प्लेनो इथल्या एच-४ वरच्या (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांच्या पालकांनी पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का बघून ठेवावा. अमेरिकेत राहण्याची मुदत वाढवलेली असते, पण शिक्का जुना झालेला असतो, आणि ते बाहेर पडेपर्यंत लक्षात येत नाही. लंडनचं सेमिस्टर करून परत येताना नवा शिक्का लागला तर तो मिळेपर्यंत जानेवारीचे वर्ग थांबत नाहीत. अशा मुलांना घरचा फॉल बरा.

खोली, माणसं, थंडी

जानेवारीत मिळते ती कुणीतरी सोडून गेलेली जागा: तीन मुलींच्या खोलीतली चौथी खाट, किंवा वरच्या वर्गाच्या मुलांच्या इमारतीतली. स्प्रिंगवाल्यांना एकत्र ठेवता का, हे विचारा. शंभर जण एकत्र येत असतील तर ओळखी आठवड्यात होतात. वीसच असतील आणि पाच इमारतींत विखुरलेले असतील, तर फेब्रुवारी जड जातो. नाटक, वाद्यवृंद, वादसभा यांच्या निवडी बहुतेक सप्टेंबरमध्ये होऊन गेलेल्या असतात. लाजऱ्या मुलासाठी हा मुद्दा फीइतकाच मोठा धरा.

डिसेंबरमध्ये पदवी घेणाऱ्यानं नोकरीचं कॅलेंडरही बघावं. मोठ्या कंपन्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षीची भरती करतात, तेव्हा तो शेवटच्या सेमिस्टरमध्येच मुलाखती देत असतो. एफ-१ वरच्यांना ओपीटीचा (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, म्हणजे डिसेंबरवाल्यानं तो परीक्षांच्या आधीच, सप्टेंबरअखेरीपासून, मनावर घ्यायचा.

कुणाला काय लिहायचं

फोनवर गोड उत्तरं मिळतात, म्हणून ई-मेलच करा, आणि विद्यार्थ्याच्या नावानं. पालकांच्या पत्राला कार्यालयं आखडती उत्तरं देतात. एकाच पत्रात वीस प्रश्न कोंबू नका. प्रवेश कार्यालयाला: फॉलमध्ये दुसरीकडे किती क्रेडिट घेतलेली चालतील, घेतल्यावर मी नवा विद्यार्थीच राहीन ना, आणि फॉलला जागा झाल्यास मला पुढे सरकवाल का? (काही कॉलेजं सरकवतात, पण बहुधा विचारणाऱ्यालाच.) आपल्या शाखेच्या सल्लागाराला: या विषयांची सात सेमिस्टरची नमुना आखणी पाठवाल का? आर्थिक मदत कार्यालयाला: शिष्यवृत्ती किती सेमिस्टरची, आणि पहिल्या अर्ध्या वर्षात किती? निवास कार्यालयाला: जानेवारीत खोलीची हमी आहे का? उत्तरं पीडीएफ करून ठेवा. कार्यालयातली माणसं बदलतात.

उत्तरं यायला दहा दिवस धरा, म्हणजे पत्रं १० एप्रिलच्या आत गेली पाहिजेत. सात सेमिस्टरची आखणी कागदावर मिळाली, खोली मिळाली आणि खर्च फॉलच्या पर्यायाच्या आसपास बसला, तर जा. आखणी द्यायलाच टाळाटाळ झाली आणि शाखा साखळीची असेल, तर हातातलं फॉलचं कॉलेज घ्या, भले त्याचं नाव दोन पायऱ्या खाली असो. आणि ‘आधी फॉलच्या कॉलेजात जाऊ, जमलं तर जानेवारीत तिकडे’ म्हणून दोन्हीकडे डिपॉझिट भरू नका. ते नियमाविरुद्ध आहे, कळलं तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात, आणि डिपॉझिट सहसा परत मिळत नाही.

होकार दिलात तर त्याच दिवशी कॅलेंडरवर चार तारखा टाका: आय-२० किंवा फाफ्साची दुरुस्ती मेमध्ये, फॉलच्या विषयांची लेखी मंजुरी जुलैमध्ये, निवासाचा फॉर्म ऑक्टोबरमध्ये (तो उघडल्याचं तुम्हाला कुणी घरी येऊन सांगणार नाही), आणि फॉलची गुणपत्रिका नव्या कॉलेजला पाठवण्याची विनंती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेतली कार्यालयं ख्रिसमसपासून १ जानेवारीपर्यंत बंद असतात. गुणपत्रिका त्या आठवड्यात अडकली, तर कॅल्क्युलस दोनच्या वर्गात नाव घालता येत नाही.